आम्लाच्या बाटलीला हात घालण्यापूर्वी

जिन्याच्या पायऱ्यांवरील पिवळे डाग, स्वच्छतागृहातील भांड्यांवर चढलेली क्षारांची पुटे, नव्या इमारतीच्या फरशीवर वाळून घट्ट झालेले सिमेंटचे शिंतोडे किंवा तुंबलेल्या नळीतील साका, यांपैकी कोणत्याही निमित्ताने आपल्या कार्यालयात, उपाहारगृहात, रुग्णालयात अथवा गृहनिर्माण संस्थेत तीव्र आम्ल आणले जाते, तेव्हा ते मागवणारा एक असतो, त्याचे बिल मंजूर करणारा दुसरा असतो आणि ते प्रत्यक्ष हाताळणारा तिसराच असतो. पहिल्या दोघांचा त्या द्रवाशी स्पर्शापुरताही संबंध येत नाही. आणि ज्याचे डोळे, कातडी व फुप्फुसे त्या कामात गुंतलेली असतात त्या तिसऱ्याला, बाटलीत नेमके काय आहे, हे विचारण्याची सोय बहुधा नसते. सबब हा मजकूर सफाईकामगारांसाठी जितका आहे तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, संस्थांचे चिटणीस, कार्यालयांचे व्यवस्थापक, मुकादम आणि कंत्राटदार यांच्यासाठी आहे. कारण आम्लापासून होणारे बहुतेक अपघात बाटलीचे बूच उघडण्याच्या कितीतरी आधी, मागणीपत्रावर सही होते त्या वेळीच, अर्धेअधिक घडून गेलेले असतात.

बाजारात नुसते ‘ॲसिड’ म्हणून जे मिळते ते बहुतांशी लवणाम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. मोठ्या कॅनमधून येणाऱ्या द्रवात त्याचे प्रमाण सामान्यतः ३० ते ३३ टक्के असते, तर नामांकित कंपन्यांच्या घट्ट आणि रंगीत शौचालय-शोधकांत ते १० टक्क्यांच्या आसपास असते. हा तिपटीचा फरक ज्याला कोणी सांगितलेला नाही तो कामगार बाटलीतले जितके ओतत होता तितकेच कॅनमधलेही ओततो, आणि मग डोळ्यांना धारा का लागल्या याचे त्याला नवल वाटते. तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करण्याच्या नावाखाली जे विकले जाते त्यात पुष्कळदा गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, ९८ टक्क्यांपर्यंतच्या तीव्रतेचे असते. ते पाण्याच्या पावणेदोन पटींहून जड, तेलासारखे दाट आणि दिसायला अगदी निरुपद्रवी असते. गंजाच्या डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिडची पांढरी भुकटी येते, जी साखरेसारखी दिसते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडांचा घात करते. सराफकट्ट्यावरील नत्राम्ल आणि त्याचे तपकिरी धूर हा निराळ्या धंद्याचा विषय असल्याने येथे बाजूला ठेवतो.

लवणाम्ल इतके स्वस्त कसे, याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिठापासून सोडा तयार करण्याचे जे कारखाने होते त्यांच्या धुराड्यांतून हाच आम्लवायू सरसहा हवेत सोडला जात असे आणि भोवतालची शेते व झाडेझुडपे करपून जात. अखेरीस तेथील पार्लमेंटाने १८६३ साली कायदा करून त्या वायूपैकी ९५ टक्के भाग अडवून धरण्याची सक्ती कारखानदारांवर केली, आणि जो पदार्थ उपद्रव म्हणून फेकला जात होता त्याला गिऱ्हाईक शोधण्याची निकड निर्माण झाली. आजही रासायनिक उद्योगांत लवणाम्ल दुय्यम उत्पादन म्हणून विपुल निघते आणि म्हणूनच ते कवडीमोलाने मिळते. ब्रश, वेळ आणि माणसाचे श्रम यांच्यापेक्षा आम्ल स्वस्त पडते, हे ते वापरण्याचे खरे कारण होय. डागांची चिवटता हे सांगण्याचे कारण.

यास्तव मागणीपत्र पुढे आले की, हे आम्ल लागते कशाला, हा प्रश्न प्रथम विचारावा. शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे तिन्ही दगड मूलतः चुन्याच्या जातीचे आहेत. त्यांवर आम्ल पडताच जो फेस उसळतो तो मळ निघत असल्याची खूण आहे, असा सार्वत्रिक समज असून तो सर्वस्वी चुकीचा आहे. तो फेस म्हणजे दगड स्वतः विरघळत असताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड वायू होय. फरशी त्या दिवशी लख्ख दिसते हे खरे, परंतु तिची झिलई गेलेली असते, खडबडीत झालेल्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत पुढला मळ अधिक घट्ट बसतो, आणि दोन महिन्यांनी मुकादम अधिक आम्लाची मागणी घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. झिलईदार चिनीमातीच्या लाद्यांचे आम्ल सहसा काही बिघडवीत नाही, परंतु दोन लाद्यांमधल्या सांध्यांत भरलेले सिमेंट ते खाऊन टाकते, आणि त्या पोखरलेल्या सांध्यांतून झिरपणारे पाणी खालच्या मजल्याच्या छतावर उमटते. गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत गळतीवरून जे घनघोर वाद रंगतात, नळजोडणी करणाऱ्यापासून मूळ बांधकाम करणाऱ्यापर्यंत सर्वांचा उद्धार होतो, त्यांतील काहींचा मूळ आरोपी जिन्याखालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये स्वस्थ बसलेला असतो. पोलादी नळ, सांडपाण्याच्या जाळ्या आणि दारांच्या बिजागऱ्या यांनाही लवणाम्लाच्या वाफांनी बारीक छिद्रे पडतात, ती गोष्ट वेगळीच.

दगडी फरशीला जे लागते ते सौम्य, उदासीन जातीच्या साबणाचे पाणी आणि नियमित पुसणे. येथे एक सूचना मुद्दाम करावीशी वाटते, ती अशी की लिंबू आणि व्हिनेगर हे ‘घरगुती’ म्हणून निर्धोक मानले जात असले तरी संगमरवराला तेही चावतात; माणसाला निर्धोक आणि दगडाला निर्धोक या दोन भिन्न गोष्टी आहेत. याउलट कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे शौचालयाच्या भांड्यांवर, नळांवर व काचांवर जे पांढरे थर चढतात त्यांच्यासाठी सायट्रिक ॲसिडचे, म्हणजेच लिंबूसत्वाचे, कोमट पाण्यातील द्रावण पुरेसे होते, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो: कापड भिजवून थरावर अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि मग घासावे. थर फार जुना असेल तर सल्फॅमिक ॲसिडची भुकटी उपयोगी पडते. तिच्या वाफा येत नाहीत, हा तिचा मोठा गुण, जरी हातमोजे आणि चष्मा तिच्यासाठीही लागतातच. सिमेंटचे शिंतोडे ओले असतानाच पुसून घ्यावे, आणि ते राहून गेलेच तर आधी लाकडी अगर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. स्वयंपाकघरातील नळी तुपातेलाने तुंबली असेल तर तिच्यात आम्ल ओतण्यात काहीच अर्थ नाही. तेथे रबरी पंप किंवा नळ साफ करणाऱ्याची लोखंडी स्प्रिंग हाच मार्ग. इतके सर्व केल्यावरही आम्लावाचून भागणार नाही अशी कामे उरतात, हे मान्य. पण ती महिन्याकाठी कॅन रिकामा व्हावा इतकी कधीच नसतात.

आता ती कामे करावयाची कशी, याकडे वळू. त्यात सर्वांत मोठा धोका आम्लाचा एकट्याचा नसून, ते दुसऱ्या एका तितक्याच परिचित पदार्थाला भेटते तेव्हाचा आहे. ब्लिचिंग पावडर, म्हणजे विरंजक चूर्ण, आणि तिचेच द्रवरूप भावंड असलेले हायपोक्लोराइटचे पाणी हे निर्जंतुकीकरणासाठी सर्वत्र वापरले जातात. त्यांवर कोणतेही आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. आणि १९१५ च्या एप्रिल महिन्यात बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला होता तो हाच वायू होय. दोन्ही पदार्थ मुद्दाम एकत्र करण्याइतके अज्ञान आता फारसे राहिलेले नाही, परंतु अपघात तसा होतच नाही. तो असा होतो की रात्रपाळीचा कामगार जाताना शौचालयांत पावडर भुरभुरून जातो, ती मुरावी म्हणून पाणी टाकीत नाही, आणि सकाळपाळीची बाई येऊन त्याच भांड्यांत आम्ल ओतते. किंवा दोन्ही कामांसाठी एकच बादली आणि एकच कुंचा वापरात असतो. किंवा सांडलेल्या आम्लावर, काहीतरी पांढरे टाकावे या समजुतीने, कोणीतरी पावडरच टाकतो. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे तो वर न जाता खाली साचतो, आणि शौचालय घासणाऱ्या माणसाचे नाक नेमके खालीच असते. दार बंद, झरोका वर्तमानपत्राने बुजवलेला, हवा बाहेर टाकणारा पंखा बिघडलेला, अशा चार हातांच्या खोलीत काही क्षणांचा अवकाशही पुरतो.

यावर जो बंदोबस्त करावयाचा तो कामगाराच्या स्मरणशक्तीवर सोपवू नये. संस्थेने या दोहोंपैकी एकच पदार्थ त्या विभागात ठेवावा, हा सर्वांत निर्वेध उपाय. ते शक्य नसेल तर दोन्हींच्या बादल्या भिन्न रंगांच्या असाव्यात, दोन्हींच्या साठवणीच्या जागा वेगळ्या असाव्यात, पाळी बदलताना कोणत्या शौचालयात काय टाकले आहे याची नोंद भिंतीवरील फळ्यावर करण्याची सक्त ताकीद असावी, आणि एकानंतर दुसरा वापरण्याआधी भांडे भरपूर पाण्याने दोनदा वाहते करावे. अमोनियायुक्त काचशोधके विरंजकात मिसळली तरीही श्वास कोंडणारे वायू निर्माण होतात; सार्वजनिक मुताऱ्यांत मुरलेल्या मूत्रावर ब्लिचिंग टाकले असता जो उग्र दर्प डोळ्यांत जातो तो त्याच जातीचा.

लवणाम्ल एकटे असले तरी साधे समजू नये. त्याचा कॅन उन्हात राहिला असेल तर आत दाब साठलेला असतो आणि झाकण फिरवताच वाफेचा लोट तोंडावर येतो. म्हणून कॅन सावलीत ठेवून, चेहरा बाजूला करून, झाकण हळूहळू सैल करावे. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ते कदापि घेऊ नये, कारण त्या धातूंशी संयोग होऊन हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. मोठ्या कॅनमधून लहान बाटलीत द्रव काढताना नळी तोंडाने ओढण्याचा शिरस्ता अजून काही ठिकाणी दिसतो, तो तत्काळ बंद व्हावा. हातपंपाची किंमत फार नसते. पाणी घालून आम्ल सौम्य करावयाचे असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि मग त्यात आम्ल थोडे थोडे सोडावे. या क्रमाला अपवाद नाही. गंधकाम्लाच्या बाबतीत तर उलट क्रम प्राणांतिक ठरू शकतो, कारण पाण्याशी मिसळताना ते इतकी उष्णता निर्माण करते की जड आम्लावर तरंगणारे थोडे पाणी क्षणार्धात उकळते आणि सोबत आम्लाचे थेंब घेऊन उसळते. तापलेल्या तेलात पाण्याचा शिंतोडा पडल्यावर काय होते ते ज्या घरात पुऱ्या तळल्या जातात त्या घरात सांगावयास नको. तुंबलेल्या नळीत गंधकाम्ल ओतल्यावर ‘काम होईना’ म्हणून वरून गरम पाणी ओतणारे हात याच कारणाने भाजतात.

आणखी एक धोका जमिनीखाली आहे. मैलापाण्याच्या चेंबरमध्ये आणि सेप्टिक टाकीत जो काळा गाळ साचलेला असतो त्यात गंधकाची संयुगे असतात, आणि त्यावर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू मोकळा होतो. कुजक्या अंड्यासारखा त्याचा दर्प सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो; ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही’ हा जो निष्कर्ष काढला जातो तो अशा वेळी मृत्यूचे आमंत्रण ठरतो. म्हणून चेंबरमध्ये आम्ल ओतू नये, आणि ओतले गेले असेल तर कोणालाही त्यावर वाकू देऊ नये. संरक्षणसाधनांवाचून गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा तर २०१३ च्या कायद्यान्वये अपराधच आहे, आणि ‘तो स्वतःहून उतरला’ ही कैफियत मालकाची सुटका करीत नाही.

एका आम्लाविषयी मात्र निराळ्याच स्वरात बोलावे लागते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड, किंवा त्याचे अमोनियम बायफ्लोराइड नावाचे क्षाररूप, हे दगडी भिंती धुण्याच्या, ट्रकांच्या व बसगाड्यांच्या ॲल्युमिनियमला चकाकी आणण्याच्या, कपड्यांवरील गंज काढण्याच्या आणि वातानुकूलन यंत्रांची कॉइल धुण्याच्या काही द्रवांत असते. इतर आम्ले कातडी जाळतात आणि ती जळलेली कातडीच पुढे त्यांची वाट काही अंशी अडवते. हे आम्ल तसे थांबत नाही. सौम्य द्रावण असेल तर हाताला लागल्यावर प्रथम काहीच वाटत नाही, कामगार हात पुसून घरी जातो, आणि काही तासांनी, कधी कधी तर एका दिवसाने, नखांखाली आणि हाडांत असह्य ठणका सुरू होतो. तोवर फ्लोराइड खोल शिरून रक्तातील कॅल्शियम बांधू लागलेले असते, आणि संपर्क मोठा असेल तर हृदयाचा ठोका बिघडून मृत्यूही ओढवतो. बाटलीवर या दोहोंपैकी एकाही नावाचा उल्लेख दिसला तर ती बाटली सफाईच्या खोलीत येऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या धंद्यांना ती टाळताच येत नाही त्यांनी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली कामाच्या जागीच ठेवावी. पाण्याने धुतल्यानंतर ती सतत चोळत राहावे आणि वेदना नसली तरी रुग्णालय गाठावे.

संरक्षणसाधनांच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात: एक तर काहीच नाही, नाहीतर तपासणीच्या दिवशी दाखवण्यासाठी कपाटात ठेवलेला संच. दवाखान्यात वापरतात ते पातळ हातमोजे येथे कामाचे नाहीत. ते फाटतात, आणि आत शिरलेला थेंब कातडीशी दाबून धरतात. कोपरापर्यंत येणारे जाड नायट्राइल, निओप्रीन अगर पीव्हीसीचे हातमोजे हवेत. मात्र तीव्र गंधकाम्लाशी संबंध असेल तर कोणता प्रकार टिकेल हे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे. नेहमीचा नंबराचा चष्मा हे संरक्षण नव्हे, कारण शिंतोडा बाजूने आणि खालून येतो. चेहऱ्याला चिकटून बसणारा, कडा बंद असलेला चष्मा पाहिजे. रबरी बुटांत विजारीचे पाय खोचू नयेत, ते बुटांवरून बाहेर सोडावेत, म्हणजे ओघळ बुटात उतरणार नाही. साडी नेसून काम करणाऱ्या भगिनींसाठी पुढून गळ्यापासून पायापर्यंत येणारा रबरी अथवा पीव्हीसीचा ॲप्रन अत्यावश्यक आहे, आणि तो त्यांच्या मापाचा हवा, पुरुषांसाठी आणलेल्यातला उरलेला नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा मुखपट्टा वायूला मुळीच अडवीत नाही; उलट निर्धास्तपणा देऊन माणसाला अधिक वेळ आत थांबवतो. ज्या कामात वाफ अटळ आहे तेथे आम्लवायूंसाठीचा कार्ट्रिज असलेला श्वसनमुखवटा लागतो, आणि असे काम बंद खोलीत एकट्याने कधीच करू देऊ नये. रोज थोड्या थोड्या वाफेत काम करणाऱ्यांच्या दातांची झिलई झिजते आणि खोकला जडतो, हेही ध्यानात असावे; गंधकाम्लाच्या दाट तुषारांत वर्षानुवर्षे काम करणे हे कर्करोगाचे कारण ठरते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच दिलेला आहे.

साठवणीचा प्रश्न मुंबई-पुण्याच्या इमारतींत विशेष बिकट होतो, कारण सफाईच्या सामानाला स्वतंत्र खोली नसते आणि ते जिन्याखाली, पंपाच्या खोलीत किंवा, सर्वांत वाईट म्हणजे, विजेच्या मीटरांच्या खोलीत कोंबले जाते. आम्लाच्या वाफा तांब्याच्या तारा आणि जोड खातात. तेथे लागलेल्या आगीचे कारण पुढे कोणालाच सापडत नाही. आम्ल नेहमी डोळ्यांच्या पातळीखाली, प्लॅस्टिकच्या खोल तबकात, हवेशीर आणि कुलूपबंद जागेत असावे. पिण्याच्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ते काढून ठेवण्याची जी पद्धत आहे तिच्यासाठी कोणतीही सबब ऐकून घेऊ नये. उन्हातून आलेल्या माणसाने किंवा कामावर आईसोबत आलेल्या मुलाने ती तोंडाला लावल्याचे परिणाम अन्ननलिका कायमची आकसण्यापर्यंत जातात. मूळ बाटलीवरील चित्र वाचता न येणाऱ्यालाही समजावून देता येते: नळीतून पडणारे थेंब, त्यांखाली झिजणारा हात आणि झिजणारा धातूचा तुकडा. प्रत्येक औद्योगिक रसायनाबरोबर उत्पादकाने तयार केलेले सोळा विभागांचे सुरक्षा-माहितीपत्रक असते. ते मागून घेऊन दप्तरात पुरून न ठेवता त्यातील प्रथमोपचाराचा भाग मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी जे निर्देश दिले त्यांचे प्रयोजन स्त्रियांवरील आम्लहल्ले रोखणे हे होते, परंतु त्यांचा संबंध आपल्या खरेदीशीही येतो. विक्रेत्याने नोंदवही ठेवून तीत घेणाऱ्याचा तपशील आणि खरेदीचे कारण लिहिले पाहिजे, शासनाने दिलेले पत्त्यासह ओळखपत्र पाहिले पाहिजे, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकता कामा नये. शैक्षणिक संस्था, प्रयोगशाळा, रुग्णालये आणि शासकीय खाती यांना वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करण्याचे आणि साठ्यासाठी एक व्यक्ती जबाबदार नेमण्याचे बंधन आहे. हातगाडीवरून लेबल नसलेल्या बाटल्यांत मिळणारे ॲसिड चार पैसे स्वस्त असेल, पण अपघात झाल्यावर, त्यात काय होते, या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी उरत नाही.

इतके करूनही अपघात झाला, तर पहिला आणि जवळजवळ एकमेव उपचार म्हणजे पाणी, आणि तेही तांब्याभर नव्हे. डोळ्यात गेले असेल तर किमान पंधरा मिनिटे, कातडीवर सांडले असेल तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याची मंद धार अखंड चालू राहिली पाहिजे. ही मिनिटे घड्याळात पाहावीत. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला आणि त्याला धरून उभ्या असलेल्यांना दोन मिनिटेही पंधरासारखी वाटतात. जेथे नळाला दिवसातून तासभरच पाणी येते तेथे बाटली उघडण्यापूर्वी भरलेले पिंप आणि त्याला जोडलेली नळी तयार आहे, हे मुकादमाने स्वतः पाहावे. पाण्याची सोय नसेल त्या वेळी आम्लाचे काम काढूच नये. डोळा धुताना पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि पाणी नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूला वाहू द्यावे, म्हणजे दुसरा डोळा वाचतो. भिजलेले कपडे, बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ पाणी चालू असतानाच काढावे. गळ्यातून काढावा लागणारा सदरा डोक्यावरून न ओढता कात्रीने कापावा. मदत करणाऱ्याने आधी आपले हातमोजे घालावेत.

सोडा लावून आम्ल ‘मारण्याचा’ प्रयत्न अंगावर करू नये. त्या क्रियेतूनच उष्णता निघते आणि शिवाय धुण्याचा वेळ वाया जातो. जमिनीवर सांडलेल्या आम्लावर मात्र कोरडी वाळू आणि धुण्याचा सोडा टाकणे योग्य आहे. भाजलेल्या जागी तूप, हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. डॉक्टरांना आधी तेच खरवडावे लागते. आम्ल पोटात गेले असेल तर तोंड धुवावे, पण ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण जी अन्ननलिका जाताना एकदा जळली ती येताना दुसऱ्यांदा जळते. दूध, लिंबूपाणी वगैरे पाजण्याच्या भरीसही पडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाबरोबर ती बाटली, किंवा निदान तिच्या लेबलाचे छायाचित्र, अवश्य पाठवावे.

वायू हुंगला गेला असेल तर माणसाला उघड्या हवेत आणून बसवावे, आडवे पाडण्याची घाई करू नये, आणि थोड्या वेळाने त्याचा खोकला थांबला व ‘मला आता बरे आहे’ असे तो म्हणू लागला तरी त्याच्या शब्दावर विसंबू नये. क्लोरीनने फुप्फुसांत उतरणारे पाणी कित्येक तासांनी प्रकट होऊ शकते, आणि तोवर तो लोकलने बदलापूर किंवा विरार गाठून एकटाच झोपी गेलेला असतो. त्याची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे, पुढील चोवीस तास त्याच्याजवळ कोणीतरी असले पाहिजे, आणि श्वास लागू लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावयाचे हे घरच्यांना दूरध्वनी करून सांगितले पाहिजे. रोजंदारीचा माणूस ‘बरे आहे’ असे बहुधा एवढ्याचसाठी म्हणतो की दवाखान्यात गेल्यास त्या दिवसाचा खाडा पडेल. तेव्हा अशा प्रसंगी त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची हजेरी पूर्ण धरली जाईल, असा लेखी हुकूम कार्यालयाने अपघात होण्यापूर्वीच काढून ठेवावा आणि तो कंत्राटदाराच्या करारनाम्यातही घालावा.